मंजुळाबाईचा उजवा हात

जनकाबाईनं काचेच्या काउंटरवर ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेला पत्रा ठेवला आणि गाठ सोडायच्या आधीच विचारलं, "भाऊ, माह्या मायच्या हातावरचं नाव तुम्ही काऊन पुसलं?" दुपारचे साडेबारा झाले होते. पासपोर्ट फोटोसाठी आलेली एक पोरगी आरशासमोर केस विंचरत होती, तिचा कंगवा तसाच थांबला. खामगावच्या माझ्या दुकानात लोक भांडायला येतात, नाही असं नाही. नवरी काळी आली, मोठ्या मामाचा एकही फोटो अल्बमात नाही, व्हिडिओत वरातीपेक्षा जनरेटरच जास्त दिसतो. या सगळ्यांची उत्तरं माझ्या तोंडात तयार असतात. नाव पुसलं म्हणून आजवर कोणी आलं नव्हतं. मी म्हणालो, "कोणतं नाव?" आणि तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं चोरानं 'कोणतं घर?' विचारल्यावर त्याच्याकडं पाहतात. मग तिनं गाठ सोडली. पत्रा मीच काढलेला होता. वहीच्या पानाएवढा, काळा, वर वार्निश. त्यावर चांदीत उमटलेली एक म्हातारी. डोळे खोल, गालावर उन्हाचे डाग, खुर्चीच्या हातावर पसरलेला हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडा. तिची आई, मंजुळाबाई. चार महिन्यांमागे साखरखेर्ड्याच्या पलीकडं एका गावात मी हा फोटो काढला होता, आणि पत्रा वाळल्यावर, त्याचा स्कॅन करून, रिवाजाप्रमाणे तिलाच देऊन आलो होतो. जनकाबाईनं त्या हातावर बोट ठेवलं. पन्नाशीची बाई, नखांत हळदीचा की मातीचा पिवळेपणा. "इथं वामनराव होतं. निळं. मनगटापासून कोपरालोक. शाळेत जायच्या आधी मी त्याच्यावर बोट फिरवून वा शिकली, मंग मा शिकली. आता पाहा. कडं हाय. डाग हाय. शिरा हाय. नाव तेवढं नाई."

मी तिला सांगायला लागलो की हा जुन्या पद्धतीचा फोटो आहे, दीडशे वर्षांपूर्वी असे काढायचे, पत्र्यावर औषध ओतायचं, चांदीच्या पाण्यात बुडवायचा आणि ओला असतानाच काढायचा. या औषधाला निळा रंग कळत नाही. निळं त्याला पांढरं वाटतं, आणि कातडीवरचं निळं कातडीतच मिसळून जातं. "मंग आभाळ?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आभाळ पांढरं येतं. तिनं पत्र्याकडं पाहिलं. "म्हंजे तुम्हाले माहीत होतं." हो, म्हटलं. "मंग असा आंधळा कॅमेरा घेऊन माह्या मायच्या दारात काऊन आलते?" आरशातली पोरगी हसली. मी तिला म्हणालो, तू उद्या ये. ती गेली, पण प्रश्न काउंटरवरच राहिला, आणि त्याला उत्तर द्यायचं सोडून माझं डोकं वेगळ्याच गोष्टीत शिरलं. ही बाई मला कशात अडकवायला आली आहे? पंधरा वर्षं मी लग्नं काढली आहेत. माणूस जवळ येतो तेव्हा त्याला काय लपवायचं आहे ते मी आधी शोधतो. मग दिवा कुठं ठेवायचा ते ठरतं.

तिनं जे सांगितलं ते असं. वामनरावची पहिली बायको भागवत नावाचं पोरगं मागं ठेवून वारली. मग त्यानं मंजुळेशी पाट लावला. जनका दोन वर्षांची असताना वामनराव गेला आणि त्याच्या भावांनी मंजुळेला लेकरासकट माहेरी धाडलं. भागवतला ठेवून घेतलं. पन्नास वर्षं ती भावाच्या गावात राहिली. आता वामनरावच्या वावरावर वारसांची नोंद निघाली आहे, आणि साठी ओलांडलेला भागवत म्हणतो, माझ्या बापानं पाट लावलाच नव्हता, कोण मंजुळा, कोण जनका? पाटाला ना पत्रिका, ना फोटो. जे पाटाला बसले होते ते मेले. आणि म्हातारीच्या आधार कार्डावर बापाचं नाव. ते कसं, तर शाळेत मशीन घेऊन बसलेल्या पोरानं विचारलं, नवऱ्याचं नाव काय आजी? आता नवऱ्याचं नाव ती घेणार कसं? जन्मात घेतलं नव्हतं. तिनं हात पुढं केला. पोरगा मशीनमध्ये पाहत होता. शेजारी उभ्या भावानं सांगितलं ते त्यानं टाकलं. मतदार यादीचं तसंच, दवाखान्याच्या केसपेपरचं तसंच. जिथं जिथं कोणी विचारलं तिथं तिथं तिनं हात पुढं केला, आणि कोणीच खाली पाहिलं नाही. "तुम्ही मोठा कॅमेरा घेऊन आलते तवा ती मले म्हणे, जनके, हा मानूस पाह्यते. हा कॅमेऱ्याच्या काळ्या बुरख्यात शिरून शिरून पाह्यते." फाल्गुनात मंजुळाबाई वारली. हात जळाला, नावही जळालं. गेल्या आठवड्यात मंडळ अधिकाऱ्यासमोर सुनावणी होती. जनकाबाईनं तिथं सगळ्यांदेखत सांगितलं की माझ्या आईनं मरायच्या आधी हाताचा फोटो काढून ठेवला आहे, आणि ट्रंकेतून आणलेली पुडी तिथंच पहिल्यांदा सोडली. मोतीबिंदू झालेल्या आईनं तो पत्रा कधी धड पाहिला नव्हता, आणि लेकीला तिनं उघडू दिला नव्हता. "भागवतदादा हासला. म्हणे पाहा साहेब, देवानंच पुसलं." जनकाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "त्याइच्याइकडं तुमची सोयरीक तं नाई ना?" मी नाही म्हणालो. "मले वावर पाह्यजे. खोटं काऊन बोलू? पन मी वामनरावची लेक हाय हे बी लेहून पाह्यजे. बिस्तरवारी परत तारीख हाय. तुम्ही या आन् सांगा का नाव होतं."

पत्रा ठेवून ती गेली. मी शटर अर्धं ओढलं आणि खुर्चीवर बसून त्या दिवसाची आठवण काढायला लागलो. मला सगळं आठवत होतं. मार्गशीर्षातलं ऊन, गोठ्याच्या भिंतीला लावलेली पांढरी चादर, माझ्या मारुती व्हॅनच्या मागच्या दारात ठेवलेली, पत्रा औषधात बुडवायची अंधारी पेटी. त्या रस्त्याला हायवे झाल्यापासून तीन पायांवर काहीही उभं केलं की लोकांना मोजणीच वाटते, एक जण ओरडला होता, "आता कोनाचं घर नेता बे?" बाकीच्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून घरात पळाल्या. ही एकटी आली. खुर्चीत बसली, पोलक्याची बाही वर सारली आणि उजवा हात पुढं केला, बांगड्या भरायला करतात तसा. मी म्हणालो, आजी, हात मांडीवर घ्या. तिनं घेतला. मी काळ्या कापडात शिरलो. पाहतो तर हात परत पुढं. मी बाहेर आलो आणि माझ्या हातानं तिचा हात मागं केला. तिसऱ्यांदा परत पुढं. तेव्हा मी वैतागलो, मग मला वाटलं चांगलं दिसतंय, खुर्ची थोडी फिरवली, हात आणि चेहरा एका रेषेत आणले, आणि म्हणालो, आता आठ सेकंद हलायचं नाही, श्वाससुद्धा नाही. ती हलली नाही. पोलक्याचं वरून दुसरं बटण तुटलेलं होतं, तिथं सेफ्टी पिन होती. खालच्या पापणीवर माशी बसली तरी तिनं डोळा मिटला नाही. माशी उडाली ती पाचव्या सेकंदाला. हे सगळं मला आठवत होतं. नाव आठवत नव्हतं. तो हात मी माझ्या बोटांनी धरला होता, दोनदा, आणि त्याच्यावर नाव होतं की नव्हतं हे मला सांगता येत नव्हतं. भिंग लावून पत्रा पाहिला. कपाळ कोरं. विधवा बाई, कुंकू नसणार हे ठीक. पण त्या वयाच्या कोणत्या बाईच्या कपाळावर गोंदणाचा ठिपकाही नसतो? तो गेला होता हे नक्की. मग नावही गेलं असेल. किंवा कपाळावरचा गेला हे खरं, आणि हातावर कधी काही नव्हतंच, आणि जनकाबाईला हे कोणीतरी समजावून दिलं असेल की या कॅमेऱ्याला निळं दिसत नाही. आता हव्या त्या कोऱ्या हातावर हवं ते नाव सांग. हा विचार मला फार सुबक वाटला. सुबक वाटला म्हणूनच मला त्याचा संशय आला. माझी चूक झाकणारा विचार माझ्या डोक्यात इतका घाईनं येतो कसा?

आंधळा कॅमेरा घेऊन मी का गेलो होतो? मी काय जन्मापासून सत्याच्या मागं लागलेला माणूस नाही. दहावी नापास झाल्यावर बशीरभाईंच्या स्टुडिओत लागलो. तिथं मी सुई शिकलो, रिटचिंगची. निगेटिव्हवर बारीक सुईनं खरवडून मुरूम काढायचे, पेन्सिलीनं नाक सरळ करायचं. वधूपरीक्षेचे फोटो असायचे. आम्ही काळ्या पोरी गोऱ्या केल्या, चकण्या सरळ केल्या. मेलेल्या बापाला कोट-टाय चढवून पोराच्या लग्नाच्या फोटोत उभं केलं. तेव्हा खरं-खोटं कोणी विचारलं नाही आणि आम्हीही नाही. मग डिजिटल आलं, तेच काम माउसनं केलं. मग मोबाइल आला आणि सगळ्या जगालाच ते काम यायला लागलं. तेव्हा मला एकदम खऱ्याची आठवण झाली. लोकांना जे फुकटात करता येतं त्याचा आपल्याला तिटकारा येतो, एवढीच माझी तत्त्वनिष्ठा. पुण्यात पाच दिवसांची कार्यशाळा होती. तिथं पहिल्यांदा पाहिलं, हायपो नावाच्या औषधाच्या पाण्यात निळसर धुरकट पत्रा हळूहळू साफ होतो आणि तळातून माणूस वर येतो. मी रडलो तिथं. खरंच. शिकवणारा म्हणाला, याच्यात रिटचिंग नाही, खोटं नाही, जे समोर आहे ते. मी ते गळ्यात ताईत बांधावा तसं बांधून घेतलं. त्यानंच तासाभरानं सांगितलं होतं की निळं दिसत नाही आणि लाल-पिवळं काळं पडतं. तेही वहीत लिहिलं. दोन वाक्यं एकाच पानावर आहेत. मी कधी एकापुढं एक ठेवून वाचली नाहीत. खामगाव चांदीचं गाव, इथं चांदीला काय तोटा? तेजाबात विरघळवून माझी मी चांदी तयार केली, बोटं काळी करून घेतली. तीच काळी बोटं मी लोकांना दाखवत फिरलो, जणू ती बोटंच माझा खरेपणा. पुष्पांजली मॅडम भेटल्या, पुण्यात प्रदर्शनं भरवतात. त्या म्हणाल्या, गोकुळ, या चेहऱ्यांत एक आदिम काहीतरी आहे. माझ्या तोंडून 'काऊन' निघालं की त्या प्रेमानं हसायच्या. त्यांची एकच अट होती: मोबाइलवर एकही फोटो काढायचा नाही, ती प्रक्रियेशी बेइमानी होईल. मी ती पाळली. मंजुळाबाईसमोर माझ्या खिशात मोबाइल होता. एक बोट दाबायचं काम होतं.

मी मॅडमना फोन लावला. म्हटलं, तुमच्याकडच्या मोठ्या स्कॅनमध्ये काही पुसट दिसतं का पाहा, हातावर. त्यांनी पाहिलं, काही नाही म्हणाल्या. मग सगळं ऐकून म्हणाल्या, "गोकुळ, पण ही तर विलक्षण गोष्ट आहे. नाव नाहीसं होणं. आपण प्रदर्शनाची पूर्ण मांडणी याच्याभोवती करू शकतो." मी विचारलं, आता त्या फोटोखाली काय लिहिलंय? "अनामिक स्त्री, सिंदखेडराजा तालुका." म्हटलं, मी तर कागदावर मंजुळाबाई लिहून पाठवलं होतं. "हो, पण अनामिकमध्ये एक व्याप्ती येते ना?" मी फोन ठेवून दिला. शिव्या द्यायच्या होत्या, पण कोणाला? त्यांनी नाव खोडलं ते कागदावरचं. हातावरचं मी खाल्लं.

बशीरभाई आता ऐंशीचे आहेत, घरातल्या घरात फिरतात तेवढंच. पण डोळ्याला भिंग लावलं की अजून तोच माणूस. सगळं ऐकून त्यांनी पत्रा खिडकीत धरला. "बहुत अच्छा काढलास बेटा. आँखें तो ऐसी की अभी गाली देगी." मग म्हणाले, "नाव कोणत्या हातावर होतं?" उजव्या, म्हटलं. "इसमें तो बायाँ दिखता." मी म्हटलं, पत्र्यावर उलटं येतं, आरशासारखं. डावा दिसतो तो उजवाच आहे. बशीरभाईंनी भिंग काढलं आणि माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसले. "मंग झालं तुझं काम. जाऊच नको. लोग समझेंगे बायाँ है, नाव नाही, हरकत नाही, दाहिना पल्लू के अंदर. बात वहीं की वहीं. तू गेला आणि सच बोलला, तर तूच तिले बुडवशील. दाहिना है, और कोरा है." मी पत्रा गुंडाळायला लागलो. "नाहीतर दुसरं आहे," ते म्हणाले आणि उशीखालच्या चष्म्याच्या डबीतून त्यांनी ती काढली. लाकडी मुठीची रिटचिंगची सुई. "काळा पत्रा है. ऊपर चांदी. खरोंच दिया तो नीचे से काला निकलेगा. गोंदणासारखं. कोई माई का लाल नहीं पहचानेगा. फक्त उलटं लिही." मी म्हणालो, "चाचा, ते खोटं होईल ना." बशीरभाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वीस वर्षांपूर्वीचे सगळे कोट-टाय आठवले. "तुझं खरं कोणाच्या कामी आलं बे आत्तापर्यंत?"

सुई मी घेतली. घ्यायची नव्हती तर हात पुढं का केला? दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून आतल्या खोलीत बसलो, फुकट गेलेल्या एका पत्र्यावर उलटा वा काढला, उलटा मा, उलटा न. आरशात धरला. बशीरभाईंचं म्हणणं खरं होतं. चांदीखालून उघडी पडलेली काळी रेघ जुन्या गोंदणासारखीच दिसत होती, कडा जराशा फुगलेल्या, जशा वयानं फुगतात. हात माझा चांगला आहे. मग मंजुळाबाईचा पत्रा समोर ठेवला आणि सुई तिच्या मनगटावर नेली, आणि तिथं थांबलो. मला नंतर कोणी विचारलं तर मी म्हणालो असतो, माझं तत्त्व आडवं आलं. तत्त्व-बित्त्व काही नाही. मला कळेना की अक्षरं केवढी होती. आडवी होती की हाताच्या उताराला धरून? 'राव' पूर्ण होतं की गोंदणारीनं जागा संपल्यावर खाली उतरवलं होतं? जत्रेतल्या गोंदणाऱ्या बायका अडाणी, त्या अक्षर चितारायच्या. व कदाचित ब सारखा असेल. जनकाबाईला विचारता आलं असतं. पण मग ती सांगेल, मी लिहीन, आणि माझ्या मनातला तो सुबक संशय जन्मभर उंदरासारखा कुरतडत राहील. खोटं करायलासुद्धा आधी पाहावं लागतं. मी काही पाहिलंच नव्हतं. सुईचं टोक वार्निशला टेकलेलं होतं. तिथं एक ठिपका पडला, मोहरीएवढासुद्धा नाही. तो अजून आहे.

बुधवारी जनकाबाईचा फोन आला. ती म्हणाली, "येऊन राह्यले ना?" मी म्हटलं, भागवतच्या हातावर काही गोंदलेलं आहे का? का विचारलं मी? मला आठवतं की विचारताना मला पुढचं काही सुचलेलं नव्हतं. मी फक्त दुसऱ्या कोणाच्या तरी हाताकडं बोट दाखवत होतो. ती म्हणाली, "हाय ना. त्याचं सोताचं नाव. मायनंच गोंदून आनलं त्याले सैलानीच्या यात्रेतून. पाच-सहा वर्षांचा होता तो. सुई पाहून बोंबलून राह्यला होता, तं मायनं त्याले मांडीवर घेतलं आन् पैले आपला हात पुढं केला. म्हणे पाह्य रे, काई दुखत नाई. पैले तिचं झालं, मंग त्याचं. माय लई सांगे हे." हे ती पहिल्या दिवशी का बोलली नाही? मी लगेच तेच विचारलं, वकिलासारखं. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही तवा सोताचंच सांगत होते, भाऊ."

गुरुवारी, तिच्या बिस्तरवारी, मी पेटी, औषधं, पाण्याचे दोन कॅन व्हॅनमध्ये टाकले. मेहकरच्या पुढं एकदा गाडी थांबवून परत फिरावं असं वाटलं. चहा पिऊन पुढं गेलो. कार्यालयासमोर निंबाच्या सावलीत वीस-पंचवीस माणसं. भागवत पाहताक्षणी ओळखू आला: पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, माझ्याकडं बघून शेजारच्याला म्हणाला, "आला देवाचा फोटोग्राफर." मंडळ अधिकारी तिशीतला, थकलेला माणूस. माझी काळी बोटं पाहून म्हणाला, "किती वेळा मतदान केलं तुम्ही?" सगळे हसले. मी म्हटलं, साहेब, शाईत जे असतं तेच माझ्या पाण्यात आहे, चांदी. मग त्यानं पत्रा समोर ठेवला आणि विचारलं, "गेल्या वेळी आम्ही नोंद केली की फोटोत डावा हात दिसतो. बरोबर?" हीच जागा. बशीरभाईंनी सांगितलेली. नुसतं हो म्हटलं असतं तर मी घरी जेवायला असतो. मी म्हणालो, "नाही साहेब. तो उजवाच आहे. या पत्र्यावर उलटं येतं." जनकाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. भागवतनं टाळी वाजवली. "म्हंजे उजवा हाय आन् कोरा हाय! लेहा साहेब, तिच्याच साक्षीदारानं सांगतलं." मी म्हटलं, "कॅमेऱ्याला निळं दिसत नाही. दाखवतो. भागवतराव, तुमचा हात द्या." तो जरा दचकला. "माहा कायले?" मागून कोणीतरी ओरडलं, "द्या ना भाऊ, नवरदेवासारखं बसा की." तो बसला.

अंगणात खुर्ची ठेवली. त्याच खुर्चीच्या जागी मला मंजुळाबाईची दिसत होती, पण ते असू द्या. मी पत्र्यावर औषध ओतलं, पेटीत हात घालून चांदीच्या पाण्यात बुडवला, चार मिनिटं थांबलो. मग काळ्या कापडात शिरलो. या वेळी मी पाहिलं. उलट्या भागवतचा उलटा हात, त्यावर निळंहिरवं 'भागवत', ग ची काठी वाकडी, त वर येऊन मनगटाच्या हाडाला आपटलेला. गोंदणारीण घाईत होती, किंवा पोरगं हलत होतं. मी इतका वेळ पाहत राहिलो की साहेब म्हणाले, झालं का? आठ सेकंद मोजले. भागवत श्वास धरून बसला, गाल फुगवून. परत पेटीत. मग बाहेर उजेडात हायपोच्या ट्रेमध्ये पत्रा सोडला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. निळसर साय फाटत गेली. आधी शर्ट आला, मग मिशी, मग डोळे. लोक 'आ' करून पाहत होते. हात आला. उजवा होता, तो डावा दिसत आला, उलटा. शिरा आल्या, मनगटावरचा केस आणि केस आला. नाव आलं नाही. भागवत ट्रेवर वाकला. मग त्यानं आपला खरा हात पाहिला, अंगठ्याला थुंकी लावून नावावर घासली, परत ट्रेमध्ये पाहिलं. "हे येईल ना आजून?" मला म्हणाला. म्हटलं, जे यायचं ते आलं. "माहं नाव हाय ना इथं." हातावर हाय, म्हटलं. पत्र्यावर नाई.

साहेब म्हणाले, "ठीक आहे. कॅमेऱ्याला दिसत नाही हे पटलं. पण त्यामुळं बाईच्या हातावर नाव होतं हे सिद्ध होत नाही." बरोबर होतं त्यांचं. त्यांनी पेन हातात घेतलं. "तुम्ही समोर होता. तुम्ही डोळ्यांनी नाव पाहिलं?" जनकाबाई माझ्याकडं पाहत होती. एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द बहुधा खराच होता. मी म्हणालो, "नाही. मी पाहिलं नाही. ती हात पुढं करत होती आणि मी तो मागं ढकलत होतो." कोणीतरी 'अरे भैताडा' म्हणालं. जनकाबाईनं माझ्यावरची नजर काढून घेतली, ती परत त्या दिवशी माझ्यावर आली नाही. ती भागवतकडं वळली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "दुखलं नव्हतं ना तुले, दादा? मायचं पाहून?" भागवत ट्रेमध्येच पाहत होता. पाण्याखालचा तो बिननावाचा भागवत त्याच्याकडं पाहत होता. अंगठा त्याच्या हातावर फिरतच होता. मग तो म्हणाला, कोणालाच नाही, त्या पत्र्याला म्हणाला, "पैले तिचंच गोंदलं. मंग माहं." साहेबांनी विचारलं, काय म्हणालात? मोठ्यानं बोला. त्यानं मोठ्यानं परत सांगितलं आणि रागानं म्हणाला, "लेहा. होतं म्हणून लेहा."

जबाबाखाली मीही सही केली. कागदावर माझ्या बोटांचा काळा डाग उमटला. भागवतनं त्याचा ओला पत्रा मला वार्निशही करू दिला नाही, शर्टच्या आत घालून, पोटाशी धरून चालता झाला, जणू मागं ठेवला तर मी त्याचं आणखी काही पुसेन. आणि तेव्हापासून मी पुन्हा त्याच ठिकाणी येऊन बसलो आहे. त्याला आठवलं म्हणून तो बोलला, की स्वतःचं नाव गेलेलं पाहून भ्याला म्हणून? भ्यालेला माणूस काहीही लिहून देतो. बापाचं नाव त्या हातावर होतं असं तो म्हणाला. कसं होतं, आडवं की तिरपं, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. व्हॅनमध्ये सामान भरताना जनकाबाई आली. मला वाटलं आईचा पत्रा मागायला आली. मी पुढं केला. तिनं घेतला नाही. "तुमच्याजवळच ठेवा," म्हणाली. "आता तरी पाहा."

दुकानात आरशाच्या बाजूला ठेवलाय. लोक विचारतात, ही कोण? मी मंजुळाबाई सांगतो. रोज सकाळी शटर उघडलं की आधी तिथं पाहतो. सेफ्टी पिन, कडं, शिरा, मी पाडलेला तो ठिपका. नाव दिसत नाही. हात पुढंच आहे.